नवे गाणे, जुने गाणे

एखादे गाणे मनापासून आवडले म्हणजे ते दुसऱ्या कोणाला तरी ऐकविल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. गाणे वाटल्याने उणे होत नाही. उलट, ऐकणाऱ्याने मान डोलावली की आपला आनंद दुणावतो. असे असले तरी गाणे ऐकणे आणि गाणे ऐकविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ऐकणे एकट्याने साधते. ऐकविण्यास दुसरा माणूस लागतो, त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज लागतो, आणि त्याने नाक मुरडले तर ते सोसण्याची थोडी तयारीही लागते. अलीकडे पहिली क्रिया कधी नव्हे इतकी सुलभ झाली आहे आणि दुसरी मात्र मागे पडत चालली आहे. त्यामुळे काय हरवते आणि ते कसे राखता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी महाराष्ट्राबाहेरची एक वस्ती डोळ्यांसमोर ठेवू. ही वस्ती म्हणजे बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरु ही दोन गावे आहेत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाने तेथील ३३२ एकर जमिनीवर विजकीय उद्योगांची वसाहत उभारण्यास घेतली. आर. के. बाळिगा हे या कल्पनेचे प्रवर्तक. त्या काळी गावापासून दूर वाटणाऱ्या या माळावर पुढे कारखाने आले, त्यांच्यामागून संगणकाची कार्यालये आली. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९८३ साली बंगळूरला गेलेली ‘इन्फोसिस’ ही त्यांतलीच एक. २०१० साली होसूर रस्त्यावर लांबलचक उड्डाणपूल झाला. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन होऊन आगगाडीही दारात आली. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा नाना गावांहून निघालेली मराठी माणसे नोकरीनिमित्त येथे आली आणि स्थिरावली. त्यांच्या मुलांची शाळेतली भाषा इंग्रजी, खेळाच्या मैदानावरची हिंदी, दुकानातली कन्नड. मराठी उरते ती घरात. आणि घरातही पुष्कळदा आजी-आजोबा चार महिने राहावयास आले म्हणजेच ती मोकळेपणाने बोलली जाते.

अशा घरात गाण्याला केवळ करमणुकीचे स्थान नसते. जो मराठी शब्द रोजच्या बोलण्यात मुलाच्या कानावर कधीच पडणार नाही, तो गाण्यातून पडतो. ओवी, मोट, माहेर, वृंदावन, पैलतीर हे शब्द सदनिकेच्या सातव्या मजल्यावर कोणत्या निमित्ताने उच्चारले जाणार? ते सुरांच्या आधाराने येतात आणि अर्थ कळण्यापूर्वीच स्मरणात बसतात. म्हणून जुने गाणे पुढच्या पिढीला मिळते की नाही, हा प्रश्न तेथील आईबापांना हळवेपणाचा वाटत नाही. तो भाषेच्या वारशाचा प्रश्न आहे.

तथापि जुने जपावयाचे म्हणजे नव्याला दार बंद करावयाचे, असा याचा अर्थ घेतला तर आपण आपल्याच इतिहासाला विसरलो असे होईल. मराठी आणि कन्नड या दोन भाषांमध्ये गाण्यांची देवघेव फार जुनी आहे. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले. पुरंदरदासांनी कन्नडमध्ये आपल्या पदांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी ठेवली. अभंग आणि दासरपद यांची भाषा निराळी, दैवत एकच. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, आणि त्यांच्या दरबारचा कवी जयराम पिंड्ये हा बारा भाषांत रचना करीत असे, ही गोष्ट त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून आपल्याला ठाऊक आहे. मराठी माणूस कानडी मुलखात येऊन अनेक भाषांच्या मेळ्यात बसला, हे काही संगणकाच्या युगात प्रथमच घडले नाही.

मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी या देवघेवीतून झाला. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तशा धर्तीवर मराठीत काही करण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रसिकांपुढे ठेवले. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कन्नड पदे त्यांच्या कानांत बालपणापासून होती, आणि त्यांतील काही चाली त्यांनी मराठी पदांसाठी मोकळ्या मनाने घेतल्या.

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल की पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. या एका शब्दात गाण्याच्या प्रसाराचे मोठे मर्म आहे. शब्द नवे, चाल ओळखीची. ऐकणाऱ्याचे कान जुन्या चालीवर विसावतात आणि मन नव्या शब्दांकडे मोकळे होते. सगळेच अनोळखी असले तर मन गोंधळते. सगळेच ओळखीचे असले तर ते कंटाळते. नवे गाणे पुष्कळदा रुजते ते जुन्या गाण्याच्या खांद्यावर बसून. आज कोणाला नवे गाणे ऐकविताना हे सूत्र ध्यानी ठेवले तर पुष्कळ निराशा टळेल.

नव्या गाण्याचा शोध माणसाचे आयुष्य कसे पालटून टाकतो, याचे एक उदाहरण याच प्रदेशातले आहे. गदगमधल्या एका कन्नड घरातील अकरा वर्षांच्या मुलाने दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली. ती झिंझोटीतील एक ठुमरी होती. तसे गाता आले पाहिजे या एकाच ओढीने १९३३ साली त्या मुलाने घर सोडले, उत्तरेकडे पुष्कळ भटकंती केली, आणि अखेर त्याला गुरू लाभले ते गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळात. ते गुरू म्हणजे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. आता यातील देवघेव पाहा. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे, स्थायिक झाले मिरजेस; म्हैसूरच्या दरबारात त्यांचे जाणे-येणे होते आणि कर्नाटक संगीताचा त्यांनी आदराने अभ्यास केला. त्यांचे गाणे कन्नड मुलाने उचलले. तो मुलगा पुढे पुण्यात राहिला, त्याने मराठी अभंग घरोघरी पोहोचविले आणि कन्नड दासरपदेही तितक्याच प्रेमाने गायिली. दुकानातली ती ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची होती.

ध्वनिमुद्रिकेनंतर नभोवाणी आली. ‘आकाशवाणी’ हे नावच कर्नाटकाने दिलेले आहे. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्याला हे नाव दिले. पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. या माध्यमाच्या इतिहासातही नव्या-जुन्याचा एक वाद होऊन गेला. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीत सामान्य माणसापर्यंत पोहोचावे ही त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यासाठी त्यांनी मोठे कार्यही केले. पण त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी आपल्या यंत्राची सुई सिलोनकडे वळविली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि गाणी परत घरी आली. उत्तमाची आवड लावता येते, परंतु दुसऱ्याच्या आवडीला कुंपण घालून ती लावता येत नाही, हा त्यातला धडा. आपल्या मुलाच्या हातातील नवे गाणे हिरावून घेऊन त्याला भावगीत ऐकविणाऱ्या वडिलांनीही तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच काळात पुणे केंद्राने दुसरा मार्ग दाखविला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि दर आठवड्याला एकच नवे गीत, अशी छप्पन्न गीते वर्षभर चालली. कथा पुराणी, गीत नवे. दोन गीतांमध्ये आठवड्याचे अंतर असल्यामुळे ऐकलेले गीत मनात घोळविण्यास, गुणगुणण्यास आणि शेजारी-पाजारी त्याविषयी बोलण्यास सवड मिळे. तो अवकाश हाही त्या उपक्रमाच्या यशातील एक वाटेकरी होता, असे मला वाटते.

श्रोत्यांच्या फर्माईशीचे कार्यक्रमही देवघेवीचेच एक रूप होते. पोस्टकार्डावर आपले आणि घरच्यांचे नाव लिहून एखादे गाणे मागावयाचे. ते लागले म्हणजे आपली आवड हजारो अनोळखी माणसांच्या कानी पडे. पुढे ध्वनिफितीचे दिवस आले. साठ मिनिटांची कोरी कॅसेट दुकानदाराकडे द्यावयाची, सोबत गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यावयाची, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मित्राच्या हाती ठेवावयाची, हा प्रकार पुष्कळांना आठवत असेल. एका बाजूस अर्धाच तास. त्यात सात-आठ गाणी मावणार. म्हणून निवड करावी लागे. कोणते गाणे आधी, कोणते नंतर, याचा विचार करावा लागे. आणि तो विचार करताना डोळ्यांसमोर घेणाऱ्याचा चेहरा असे. जागा अपुरी होती म्हणूनच त्या निवडीला मोल होते.

आता ती अडचण सरली. हातातल्या दूरध्वनीवर दहा कोटींहून अधिक गाण्यांचे भांडार उघडते. इतक्या गाण्यांतून निवडणार कोण? म्हणून ते काम यंत्राकडे आले. यंत्र हे कसे करते, ते ठोकळमानाने असे सांगता येईल. आपण कोणती गाणी पुनःपुन्हा ऐकली, कोणती अर्ध्यावर सोडली, याची ते नोंद ठेवते. मग आपल्यासारखीच गाणी ऐकणाऱ्या इतर लक्षावधी माणसांच्या नोंदी ते पाहते. त्यांनी ऐकलेले पण आपण न ऐकलेले जे असेल, ते आपल्यापुढे ठेवते. शिवाय गाण्याची लय, वाद्ये, स्वराची ठेवण यांतील साम्यही जोखले जाते. ही युक्ती चतुर आहे, तिने पुष्कळांना उत्तम गाणी मिळवून दिली आहेत, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिचा स्वभाव ओळखून असावे. ती साम्यावर चालते. आपल्याला जे आवडते त्याच्या आसपासचेच ती प्रायः आणून देते. आजोबांना नाट्यपदे आणि नातवाला त्याची इंग्रजी गाणी; एकाच घरात राहून दोघे दोन निराळ्या बेटांवर. आजोबांचे पद नातवाच्या बेटावर नेऊन पोहोचविण्याचे यंत्राला काहीच कारण दिसत नाही. ते कारण केवळ आजोबांपाशी असते.

लोकांची आवड कशी घडते, याविषयी अमेरिकेत झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी अपरिचित वादकवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक माणसांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिली. इतरांना मात्र आपल्या गटातील किती जणांनी कोणते गाणे घेतले, याचा आकडाही दाखविला. असे आठ स्वतंत्र गट केले होते. तेव्हा दिसून आले की आकडा दाखविलेल्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय होत गेली. आणि एका गटात वर आलेले गाणे दुसऱ्या गटात वर येईलच असा भरवसा नव्हता. फार उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही, फार सुमार गाणे सहसा शिखरावर गेले नाही. पण मधल्या सर्वांचे भवितव्य बरेचसे योगायोगावर राहिले. याचा अर्थ असा की गर्दी जेथे आहे तेथे सगळेच उत्तम असते असे नाही, आणि पुष्कळ चांगली गाणी केवळ कोणी बोट न दाखविल्यामुळे अज्ञात राहतात. एका माणसाने दुसऱ्याला ‘हे ऐक’ असे म्हणण्याचे मोल यातून कळते.

आता जुन्या गाण्यांकडे वळू. आपल्या तरुणपणची गाणी आपल्याला सर्वांत गोड का वाटतात? होलब्रुक आणि शिंडलर या अभ्यासकांनी १९८९ साली दाखविले की माणसाची आवड साधारणपणे त्याच्या विशीच्या पहिल्या निम्म्या भागात ऐकलेल्या गाण्यांशी सर्वाधिक घट्ट जडलेली असते. त्या वयात शिक्षण, मैत्री, प्रेम, पहिली नोकरी अशा घटना एकामागून एक घडतात, आणि गाणी त्यांच्याशी गुंफली जातात. ‘आमच्या वेळची गाणी’ या शब्दांमागे असे कारण आहे. तेव्हा प्रत्येक पिढी आपल्या काळाला श्रेष्ठ म्हणणारच. त्यावरून वाद घालण्यात हशील नाही.

पण याहून आशादायक गोष्ट २०१३ साली पुढे आली. कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विशीतील विद्यार्थ्यांना गेल्या अनेक दशकांतील लोकप्रिय गाणी ऐकविली. अपेक्षेप्रमाणे त्यांना आपल्या काळातील गाणी आवडली. परंतु त्याचबरोबर त्यांचे आईबाप तरुण असतानाच्या गाण्यांशीही त्यांचा जिव्हाळा दिसून आला, आणि त्याही आधीच्या, आजी-आजोबांच्या काळातील गाण्यांशीदेखील थोडाफार दिसला. घरात, मोटारीत, सणावाराला जी गाणी वाजत राहिली, ती मुलांच्या स्मृतीत नकळत उतरली होती. वारसा असा चालतो. अट एकच, की गाणे घरात मोठ्याने वाजले पाहिजे. कानात खुपसलेल्या यंत्रातून ते एकाच्याच डोक्यात वाजत राहिले, तर शेजारी बसलेल्या मुलाला त्यातले काय मिळणार? इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या गाडीत कानांना यंत्र लावणे हा सौजन्याचा भाग आहे. घरी आल्यावरही ते तसेच ठेवणे हे मात्र नुकसानीचे.

परप्रांतात आणखी एक संधी चालून येते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. बंगळूरमधील पुष्कळ मराठी मुले शेजारच्या कर्नाटक संगीताच्या वर्गाला जातात. तेथे आरंभीचे पाठ मायामाळवगौळ रागात देतात. हे पाठ पुरंदरदासांनी घालून दिले अशी परंपरा आहे. मूल घरी येऊन ते स्वर म्हणू लागते, आणि पेटीवर बोटे फिरविलेल्या आजीच्या ध्यानी येते की हे तर आपल्या भैरवाचे स्वर! तसाच त्यांचा मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, शंकराभरणम् म्हणजे बिलावल थाट, कल्याणी म्हणजे यमनाची मोठी बहीण. नावे मात्र कधी फसवितात. त्यांच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे, आणि त्यांचा भूपाळम् आपल्या भूपाहून निराळा. स्वर तेच असले तरी आंदोलनांची तऱ्हा वेगळी असते, हेही ऐकता ऐकता कळू लागते. येथे नातवाचे गाणे नवे आणि आजीचे जुने. पण मधला पूल दोघांनाही चालून जाण्याइतका भक्कम आहे. कन्नडमध्येही ‘भावगीत’ हाच शब्द आहे आणि तो प्रकारही आपल्या भावगीताच्या जवळचा आहे. ज्यांच्या गीतांनी कन्नड भावगीत समृद्ध झाले ते द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती, ही गोष्ट तेथील मराठी मुलांना अवश्य सांगावी.

तेव्हा ही देवघेव पुन्हा कशी चालू व्हावी? त्याला मोठी संस्था लागत नाही, कार्यक्रमपत्रिका लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि घरातील प्रत्येकाचे एकच गाणे, एवढे पुरे. एकच म्हटले म्हणजे कॅसेटच्या दिवसांतील निवड आपोआप परत येते. गाणे लावण्यापूर्वी आपण ते कोठे ऐकले, त्यात आपल्याला काय आवडते, हे दोन वाक्यांत सांगावे. यंत्राला हे साधत नाही. कठीण शब्द असेल तर त्याचा अर्थ सांगावा, पण व्याख्यान देऊ नये. दुसऱ्याचे नवे गाणे एकदा ऐकून निकाल देऊ नये, कारण ओळखीवाचून गोडी उपजत नाही. ते दोन-तीन वेळा ऐकावे. आणि वडीलधाऱ्यांनी आधी मुलांचे गाणे ऐकावे, मग आपले ऐकवावे. ज्याचे ऐकून घेतले जाते तोच ऐकावयास तयार होतो.

असे करूनही मुलाला आपले आवडते पद आवडेलच, याची हमी कोणी देऊ शकणार नाही. कदाचित ते त्याला आज रुक्ष वाटेल आणि वीस वर्षांनी, आपण नसताना, एकाएकी आठवेल. कदाचित त्याचे शब्द पुसले जातील आणि चाल तेवढी उरेल, आणि त्या चालीवर तो कन्नडमध्ये किंवा अन्य एखाद्या भाषेत नवे काही रचील. किर्लोस्करांच्या पदांवरची ‘चाल’ हा शब्द पाहिला म्हणजे त्यात खंत करण्यासारखे काही वाटत नाही. आपले काम गाणे त्याच्या कानापर्यंत पोहोचविण्याचे. पुढचे काम त्याच्या आयुष्याचे. मात्र जे गाणे त्याच्या कानावर कधी पडलेच नाही, ते त्याला वीस वर्षांनीही आठवणार नाही.